एका यादीला दोन मतं

त्या मतदानासाठी दोनदा जावं लागणार होतं. एकदा नाव नोंदवायला आणि पुढच्या आठवड्यात मत द्यायला. मत मी देणार नव्हतो. माझ्याकडे फक्त गाडी चालवण्याचं काम होतं. तरी रविवारी घरी फोन केला तेव्हा मी त्याबद्दलच इतका वेळ बोललो, की आईनं शेवटी विचारलं, "तू जेवतोस ना नीट?"

मतदान इराकचं होतं. साल दोन हजार पाच, महिना जानेवारी. हुकूमशहाची सत्ता जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि तिथली ही पहिली खरी निवडणूक होती. परदेशात राहणाऱ्या इराकी लोकांनाही मत देता येणार होतं. ब्रिटनमध्ये मोजक्या शहरांत केंद्रं होती आणि त्यांतलं एक मँचेस्टरला होतं. त्या देशात शिया लोक बहुसंख्य, पण राज्य मात्र पिढ्यान् पिढ्या अल्पसंख्य सुन्नींमधल्या मूठभरांच्या हाती. आता ज्याची मतं जास्त तो राज्य करणार, आणि तोच नवी राज्यघटना लिहिणार. माझ्यासारख्याला हे सगळं थेट नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून उठून आल्यासारखं वाटत होतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. मराठी शाळेत शिकलो, शिष्यवृत्तीवर मँचेस्टरला आलो, पाण्याच्या अभियांत्रिकीत एम.एस्सी. केली आणि तिथंच एका छोट्या कंपनीत लागलो. नागरिकशास्त्र हा आमच्या शाळेत कुणी मनावर न घेण्याचा विषय होता, पण मी घेतला होता. प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, ते गुप्त, आणि ते कुणाला दिलं हे विचारायचा अधिकार कुणालाही नाही. हे वाक्य मला इतकं आवडायचं की पेपरात प्रश्न कुठलाही असो, मी ते कुठं ना कुठं घुसवायचोच.

माझे घरमालक इराकी होते. एका कॉलेजात जलशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना सर म्हणे. मँचेस्टरच्याच चॉर्ल्टन भागातल्या त्यांच्या घराची मागची खोली माझी. माझा प्रबंध त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, लाल पेन्सिलीनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासला होता. त्यांचा काही संबंध नसताना. नोकरीच्या मुलाखतीला जाताना टाय त्यांनीच बांधून दिला. माझ्या वडिलांनी आयुष्यात टाय बांधला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट शिकवणारा माणूस मला तिथंच भेटायचा होता.

सर शिया. दक्षिणेकडच्या एका गावचे. त्यांच्या धाकट्या भावाला हुकूमशहाच्या माणसांनी उचलून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता, आणि लगेच विचारलं की भांड्यांचं फेअरी लिक्विड संपलंय का.

दर रविवारी त्यांचे मित्र येत. ते शिंपी. शहरातल्याच लेव्हनशुल्ममध्ये कपडे आल्टर करायचं त्यांचं दुकान होतं. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि ते मला म्हणत अम्मो. अम्मो म्हणजेही काकाच. त्यांच्याकडे काका पुतण्यालाही काकाच म्हणतो, म्हणून आम्ही दोघं एकमेकांना काका म्हणत बसायचो आणि सर म्हणायचे, "या घरात पुतण्या कुणीच नाही का?"

काका सुन्नी. फरात, म्हणजे युफ्रेटिस नदीकाठच्या गावचे. दोघांनी एकाच सुमारास देश सोडला, कौन्सिलच्या कुठल्याशा ऑफिसात रांगेत ओळख झाली आणि तेव्हापासून वीसेक वर्षं ते रविवारी डॉमिनो खेळत होते. नमाजाच्या बाबतीत दोघंही यथातथाच. वाळवलेल्या लिंबाचा काळा चहा, चिमुकल्या काचेच्या पेल्यांतून. तो करायचा कुणी यावर दर वेळी वाद.

"तुमच्या लोकांनी आमच्यावर इतकी वर्षं राज्य केलं," सर म्हणायचे, "आता चहा तरी तू कर."

"राज्य? माझ्या बापाकडे शिलाई मशीन होतं. सिंहासन तुला कुठं दिसलं?" असं म्हणत काका उठायचे आणि चहा करायचे.

निवडणूक जाहीर झाली आणि या थट्टेतला जोर कमी झाला. काकांच्या भागातल्या बहुतेक लोकांनी बहिष्कार टाकायचं ठरवलं होतं. परकी फौज देशात असताना कसलं मतदान, असं त्यांचं म्हणणं. काकांचे थोरले भाऊ तिकडेच होते. तिथल्या लढाईमुळे घर सोडून, बायकामुलांना घेऊन मेव्हण्याकडे राहत होते. आईवडील गेल्यावर काकांना तिकडचं म्हणून उरलेलं माणूस हे एवढंच. आठवड्यातून एकदा कॉलिंग कार्ड विकत घेऊन, त्याच्यावरचा नंबर खरवडून, काका भावाला फोन करायचे. लाइन लागली नाही की डॉमिनोत हरायचे.

जानेवारीच्या सुरुवातीला भावानं त्यांना स्पष्ट सांगितलं. मत दिलंस तर या घरी पुन्हा फोन करू नकोस. आमची माणसं मारली जातायत आणि तू तिथं शाईत बोट बुडवणार असशील, तर मला भाऊ नाही.

काकांनी हे आम्हाला सांगितलं आणि म्हणाले, की आपण काही जाणार नाही. त्यांना राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

सरांनी त्यांना समजावायला सुरुवात केली. त्या दिवशी आणि पुढच्या रविवारीही. मी तिथंच होतो, भाजी चिरत. मत माणसाला द्यायचं नव्हतं, पक्षांच्या याद्यांना द्यायचं होतं, आणि ज्या यादीला जितकी मतं तितक्या प्रमाणात जागा. मौलवींच्या आशीर्वादानं निघालेली शियांची एक मोठी यादी होती आणि तीच जिंकणार हे उघड होतं. पण एक लहानशी यादी अशीही होती, की तिच्यात शिया होते, सुन्नी होते, कुर्द होते, ख्रिस्तीही होते. सर म्हणाले, आपण दोघं त्या यादीला मत देऊ. ती जिंकणार नाही, पण दोनचार माणसं आत गेली तरी घटना लिहिताना आवाज उठवतील.

काका डॉमिनोची सोंगटी बोटांत फिरवत राहिले. मग सर जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"तू आलास तर आपण दोन इराकी मत देऊ. तू नाही आलास तर तिथं एक शिया मत देईल. मला एकट्याला शिया करून पाठवू नकोस."

आणि त्यांनी मिशीवर हात ठेवला. त्यांच्याकडे ही शपथ. ती मोडत नाहीत, असं काकांनीच मला पूर्वी सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, की म्हणूनच मी मिशी काढली. त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. हातातली सोंगटी खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे. पण मी भावाशी खोटं बोलणार नाही."

मला भरून आलं होतं. घरी फोन केला तो याच रविवारी. आईनंतर मामा फोनवर आला. मामा आमच्या गावात एका नगरसेवकाचा कार्यकर्ता, निवडणुकीतच त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला मी सगळं सविस्तर सांगितलं, शिया-सुन्नी, यादी, शपथ. तो म्हणाला, "भाच्या, मत आणि मुलगी जातीतच देतात. बाहेर द्यायचा तो शब्द." मला त्याचा राग आला. एवढं शिकून मी जिथं आलो होतो तिथं तरी त्याचं शहाणपण चालत नाही, असं मला वाटलं, आणि ही गोष्ट एक दिवस त्याला ऐकवायची असंही मी ठरवलं.

नाव नोंदवायला गेलो तेव्हा बारीक पाऊस होता. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांची जुनी व्होल्वो मी चालवत होतो. मतदानाच्या दिवशी तर थंडीनं हात बधिर झाले होते, तरी लांब रांग होती. बायका नटून आल्या होत्या. एक आजोबा व्हीलचेअरमध्ये, मांडीवर झेंडा. दारावर झडती घेत होते. मला अर्थातच आत सोडलं नाही. मी कुंपणाबाहेर उभा राहून थर्मासमधला चहा पीत होतो आणि आमच्या गावच्या शाळेतलं मतदान केंद्र आठवत होतो. सर आणि काका हातात हात घालून आत गेले. आपल्याकडे मित्र असे जाताना दिसतात, इंग्लंडात दिसत नाहीत, म्हणून दारावरचा गार्ड वळून बघत राहिला.

बाहेर आले तेव्हा दोघांची तर्जनी जांभळी. आपल्याकडे काडीनं रेघ ओढतात, तिथं बोट बाटलीतच बुडवलं होतं. काका बोट असं धरून चालले होते जसं काही ते दुसऱ्याचं आहे आणि परत करायचं आहे. सर त्यांच्या पुढे गाडीकडे निघाले होते. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, साहजिक आहे. या वयात पहिलं खरं मत.

घरी आल्यावर काकांनी कोट न काढताच भावाला फोन लावला. मला अरबी येत नाही, पण संभाषण फार लांबलं नाही. रिसीव्हर ठेवून ते आम्हाला म्हणाले, की सांगितलं त्याला, मी गेलो होतो, आणि मी एकटा गेलो नव्हतो, आम्ही एका शियानं आणि एका सुन्नीनं एकाच यादीला मत दिलंय. भावानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात काकांनी कार्ड घेतलं, लावून पाहिलं. पलीकडून फोन उचलून ठेवून दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. काका म्हणाले, निकाल लागू दे. त्या यादीतली दोनचार माणसं निवडून आली की मी त्याला नावं वाचून दाखवीन. आपल्या भागातलंही एखादं नाव असेल. मग ऐकेल तो.

दुकानात एका इंग्लिश बाईनं त्यांना विचारलं, की बोटाला कसला रंग लागलाय, माझ्या पडद्यांना तर लागणार नाही ना. काकांनी तिला अर्धा तास इराकी निवडणूक समजावली. पडदे घेऊन जाताना ती त्यांना म्हणाली, वेल डन, लव्ह. तिकडे लव्ह अनोळखी माणसालाही म्हणतात. हे ते रोज कुणाला ना कुणाला सांगत.

निकाल फेब्रुवारीत लागला. रविवार होता. मी दुपारी मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे केले, मायक्रोवेव्हमध्ये, तिथले सगळे मराठी लोक करतात तसे. निकाल म्हटला की पेढे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्या गल्लीत दहावीला कुणी काठावर पास झालं तरी पेढे वाटत. इथं तर एक अख्खा देश परीक्षेला बसला होता. मी ताटली टेबलावर ठेवली.

मोठी शिया यादी अपेक्षेप्रमाणे पहिली आली होती. सरांना सकाळपासून फोन येत होते, दक्षिणेतून, लंडनहून, स्वीडनहून. ते रडत होते, हसत होते, नवा शर्ट घालून बसले होते. काका आले ते बूट काढतानाच विचारत, "आपल्या यादीचं काय झालं?"

आपल्या यादीचं फार काही झालं नव्हतं. मी इंटरनेटवर पाहून ठेवलं होतं, ते सांगितलं. काकांनी मान हलवली. मग ताटलीकडे पाहून मला विचारलं, "हे कशाचं?"

निकालाचं, मी म्हणालो. आमच्याकडे वाटतात.

"जिंकलेल्यांचं?"

नाही नाही, मी म्हणालो, निवडणूक झाली म्हणून, सगळ्यांचं. पण सरांनी तोवर एक पेढा उचलून तोंडात टाकला होता आणि काका त्यांच्याकडे बघत होते. त्या शर्टाकडे, त्या चेहऱ्याकडे. पडलेल्या यादीला मत दिलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. काका कापड हातात न घेता त्याचं सूत ओळखणारे. त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि माझ्यासाठी असेल कदाचित, पण इंग्रजीत विचारलं.

"तू कुणाला दिलंस?"

सर खोटं बोलू शकले असते. कुणाला कधीही कळलं नसतं. त्यांनी तोंडातला घास संपवला, हात पुसले.

"आत गेलो," ते म्हणाले, "कागद उघडला. आपलीच यादी शोधत होतो, खरंच शोधत होतो. तेवढ्यात माझा भाऊ दिसला. आई दिसली, दारात बसलेली. मी तिथं एकटा नव्हतो रे."

"मी होतो," काका म्हणाले.

पुढचं ते अरबीत बोलले. आवाज चढले नाहीत. मला शब्द कळले नाहीत, पण 'अख' एवढा शब्द कळला. अख म्हणजे भाऊ. दोघंही तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि प्रत्येकाचा भाऊ वेगळा होता. मग काकांनी बूट घातले. जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. पेढ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सरांना विचारलं, की तुम्ही त्यांना त्याच दिवशी का सांगितलं नाहीत. गाडीत सांगितलं असतंत तर त्यांनी भावाला तसा फोन तरी केला नसता.

सर टोस्टला लोणी लावत होते. "गुप्त मतदान आहे," ते म्हणाले. "तुझ्या त्या शाळेच्या पुस्तकात काय लिहिलंय? कुणाला विचारायचा अधिकार नाही. तूच सांगत होतास ना मला?"

"पण तुम्ही त्यांना नेलंत."

"नेलं. त्यानं मत द्यायला नको होतं, असं तुझं म्हणणं आहे?"

पुस्तकाच्या हिशेबानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. भावासाठी, आईसाठी, इतकी वर्षं तुडवल्या गेलेल्या आपल्या माणसांसाठी त्यांनी मत दिलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही हात तिकडेच गेला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण 'मला एकट्याला शिया करून पाठवू नकोस' हे वाक्यही त्यांचंच होतं, आणि त्या वाक्यावर एका माणसानं आपला सख्खा भाऊ पणाला लावला होता. त्याला घेऊन जाताना गाडी मी चालवली होती. मीही ते वाक्य खरं मानलं होतं. मला फसवल्यासारखं वाटत होतं आणि ते म्हणायचीही सोय नव्हती. माझं तिथं मत नव्हतं, देश नव्हता, आणि समोर बसलेल्या माणसाचे माझ्यावर एवढे उपकार होते. ज्यानं आपला टाय बांधला त्याच्यावर कसं रागवायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

त्या घरात रविवार येतच राहिला. सर डॉमिनोचा डबा काढून ठेवत आणि संध्याकाळी परत उचलून ठेवत. दोनदा त्यांनी मला खेळायला बसवलं. मी वाईट खेळायचो. उन्हाळ्यात मी स्टॉकपोर्टला खोली घेतली, ऑफिसला जवळ पडतं म्हणून सांगितलं. सरांनी मला चहाचे दोन पेले कागदात गुंडाळून दिले. मामाला मी ती गोष्ट ऐकवली नाही. त्यानं एकदा आपणहून विचारलं, "झालं का रे त्या लोकांचं मतदान?" झालं, मी म्हटलं.

त्या वर्षी घटना लिहिली गेली आणि डिसेंबरात इराकमध्ये पुन्हा निवडणूक आली. या वेळी सुन्नींनी बहिष्कार टाकला नव्हता. काकांचा फोन आला.

"अम्मो, गाडी घेतलीस म्हणे. मला सोडशील का?"

मी त्यांना दुकानातून घेतलं. या वेळी एकदाच जायचं होतं. ते मागच्यापेक्षा चांगले कपडे घालून आले होते, स्वतः शिवलेला करडा सूट. वाटेत त्यांचा मोबाइल वाजला. ते बराच वेळ बोलत होते, मध्येच हसत होते. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "भाऊ आहे. विचारतोय, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, पुतण्या."

मला फार बरं वाटलं. भावानं फोन घ्यायला कधीपासून सुरुवात केली, असं मी विचारलं. काकांनी काचेतून बाहेर बघत सांगितलं, की ऑक्टोबरात. मी त्याला निरोप पाठवला होता, की या वेळी मी आपल्या लोकांच्या यादीला मत देणार. त्या रात्री त्यानंच फोन केला.

"आणि ती दुसरी यादी? मिश्र?"

"ती चांगली होती," काका म्हणाले.

मत देऊन ते लवकर बाहेर आले. बोट पुन्हा जांभळं, पण या वेळी त्यांनी ते बघितलंही नाही, हात सरळ खिशात घातला. अंधार पडायला लागला होता. मी त्यांना म्हटलं, चॉर्ल्टनवरून जाऊ, गर्दी कमी असेल. सरांचं घर त्याच वाटेवर, आणि मी अशा आवाजात म्हटलं की माझ्या मनात काय आहे ते त्यांना लगेच कळलं.

"नको," ते म्हणाले. "दुसऱ्या रस्त्यानं घे."

"वळसा पडेल, काका."

"पडू दे."

मी इंडिकेटर दिला आणि दुसऱ्या रस्त्याला लागलो.